सेकंड हँड, नऊ पासिंग

कोल्हापुरात सेकंड हँड गाडी बघायला कुणी एकटं जात नाही. घेणारा पोरगा असतो, पैसे घालणारा बाप नाहीतर चुलता असतो, ‘गाड्यांतलं कळणारा’ एक मित्र असतो आणि ज्याच्या एका शब्दावर व्यवहार जमायचा किंवा मोडायचा तो मेस्त्री असतो. शिवाय एजंट. पोरगा विचारतो, “पिकअप कसाय?” बाप विचारतो, “एव्हरेज किती देती?” मित्र उगाच टायरवर लाथ मारतो. मेस्त्री काही बोलत नाही, तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहतो आणि एका डोळ्याने पूर्ण बाजू नजरेखालून घालतो. एजंटची उत्तरं ठरलेली असतात. सिंगल हँड, डॉक्टरांची गाडी, सगळी सर्व्हिस शोरूमला, कुठं टच नाही. जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी एवढ्या गाड्या विकल्या असतील तर पेशंट कधी तपासले, हे विचारायची पद्धत नाही.

पिकअप आणि एव्हरेज हे दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण ‘गाडी थांबते कशी’ हे त्या घोळक्यातलं कुणीच विचारत नाही आणि कोल्हापूरच्या रस्त्यांवर खरा प्रश्न तोच असतो.

दिवाळीच्या आसपास उसाचा सीझन सुरू होतो. संध्याकाळी सातनंतर कागल, हुपरी, बिद्री, शिरोळ कुठल्याही बाजूला निघा. पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी बाहेर लोंबणारा ऊस आणि मागे लाल दिव्याचा पत्ता नाही. समोरून येणाऱ्या गाडीच्या अप्परमध्ये ती ट्रॉली दिसतच नाही. दिसते तेव्हा पंचवीस-तीस मीटर उरलेले असतात. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर येईपर्यंतच निम्मं अंतर संपतं. वेग दुप्पट केला की ब्रेकला जिरवायची ऊर्जा चौपट होते, हे दहावीच्या विज्ञानात सगळ्यांनीच लिहिलेलं असतं आणि पेपर संपल्यावर सगळेच विसरतात.

तरीही हा लेख पोरांना गाडीपासून लांब ठेवायला लिहिलेला नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत नुकता नोकरीला लागलेला, दोन वर्षं पैसे साठवलेला, दीड ते चार लाखांत काहीतरी ‘चालवायला मजा येईल’ असं शोधणारा मुलगा किंवा मुलगी मनात धरून तो लिहिला आहे. मुलगी हे मुद्दाम म्हटलं, कारण त्या घोळक्यात अजून तिला मागच्या सीटवर बसवून “रंग आवडला का?” एवढंच विचारतात.

मजा हॉर्सपॉवरमध्ये असते, हा समज जाहिरातींनी पसरवला. वळणावर मजा देतं ते कमी वजन. हलक्या गाडीला वळायला, थांबायला, पुन्हा वेग घ्यायला कष्ट पडत नाहीत. तिचं स्टिअरिंग हाताला रस्ता सांगतं. १९९३ साली आलेली मारुती झेन घ्या: ९९३ सीसीचं ॲल्युमिनियमचं इंजिन, ताकद जेमतेम ५० हॉर्सपॉवर, वजन साडेसातशे किलोच्या आसपास. आजच्या एसयूव्ही तिच्या जवळपास दुप्पट वजनाच्या आहेत. पण जुनी झेन वाघबीळच्या पुढे पन्हाळ्याच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये घेतलेला माणूस तिच्याबद्दल अजूनही घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतो. एस्टीमचंही तसंच. १९९४ ते २००७ ही गाडी चालली. दिसायला बँक मॅनेजरची, पण शेवटच्या काळातलं १२९८ सीसीचं ८५ हॉर्सपॉवरचं इंजिन आणि पावणेनऊशे किलोच्या घरातलं वजन. देशभरातल्या रॅलीवाल्यांनी ती उगाच पळवली नाही.

कोल्हापूरला हा नाद कुठून लागला, याचं उत्तर उद्यमनगरात आहे. ऑइल इंजिनं आणि उसाच्या चरकांच्या दुरुस्तीतून हे गाव यंत्राकडे वळलं. वाय. पी. पोवार आणि म्हादबा मेस्त्री ही नावं इथल्या जुन्या कारागिरांच्या तोंडी अजून आदराने येतात. पुढे फाउंड्र्या आल्या. मेनन पिस्टन, घाटगे पाटील इंडस्ट्रीज आणि शिरोलीतल्या अशा कितीतरी कारखान्यांमधून बाहेर पडलेलं कास्टिंग, पिस्टन, बेअरिंग देशभरातल्या इंजिनांत बसतं. ज्याच्या गल्लीत दोन लेथ चालतात, त्या पोराला बोअर आणि स्ट्रोक म्हणजे काय हे शाळेत शिकवावं लागत नाही.

स्वस्त गाडीचं स्वप्नसुद्धा या जिल्ह्याला नवं नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार बनवायला घेतली. १९४९ पासून पुढची दोन-अडीच दशकं ते एकामागून एक नमुने तयार करत राहिले. शेवटच्या नमुन्याचं इंजिन मागच्या बाजूला होतं आणि किंमत बारा हजार रुपयांच्या आसपास ठेवायचा इरादा होता. परवान्यांच्या त्या काळात कारखाना काही उभा राहिला नाही. नंतर १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली आणि स्वस्त मोटारीची गोष्ट हरियाणात लिहिली गेली. मीराचं पुढं काय झालं असतं, यावर इचलकरंजीत अजूनही दोन कप चहा संपतील एवढा वाद होऊ शकतो.

शर्यतीचंही वेड आहे. कोल्हापूरजवळच्या मोहितेंच्या रेसिंग ट्रॅकवर गो-कार्टिंगच्या राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या. इथलाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत उतरला आणि त्याने तिथे शर्यत जिंकली. ही मंडळी पैसेवाल्या घरांतली, हे खरं. पण त्यांनी दाखवलेली एक गोष्ट फुकट घेण्यासारखी आहे: वेगात जायचं तर त्यासाठी बंदिस्त जागा असते. तिथे हेल्मेट असतं, रनऑफ असतो आणि समोरून ऊस येत नाही. अधूनमधून कार्टिंगला जाणं हे सायलेन्सर कापून घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

आता गाड्या. ही यादी पूर्ण नाही आणि तटस्थ तर नाहीच.

पहिला मान स्विफ्टचा. मे २००५ मध्ये आलेल्या पहिल्या स्विफ्टमध्ये १.३ लिटरचं ८७ हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन होतं, एस्टीमच्याच घराण्यातलं. ती वळणावर रुळावरून जावी तशी जायची. २००७ साली तिच्यात फियाटचं १.३ डिझेल आलं आणि गावोगावच्या पाटलांनी ती उचलली. डिझेल स्विफ्ट अडीच-तीन लाख किलोमीटर चालून बाजारात येतात, त्यामुळे त्यांचा मीटर एक लाखाखाली दिसला तर आनंद मानण्याऐवजी संशय घ्यावा. तरुण हातासाठी खरी घ्यावी ती २०१८ ची तिसरी पिढी, पेट्रोल. वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास, ताकद ८३ पीएस, आणि सर्वांत खालच्या मॉडेलपासून दोन एअरबॅग व एबीएस. मात्र तिचा पत्रा पातळ आहे. गाड्या आपटून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपने त्याच वर्षी तिला दोनच स्टार दिले. हलकेपणाची ही किंमत आहे आणि ती माहीत असून मोजावी.

दुसरी फोर्ड फिगो. २०१० ची पहिली फिगो स्टिअरिंगच्या बाबतीत तिच्या वर्गात सगळ्यांच्या पुढे होती. २०१५ च्या फिगोत १.५ लिटरचं १०० पीएसचं डिझेल बसवलं आणि कंपनीने जणू चुकून एक स्पोर्ट्स कार विकायला काढली. ९ सप्टेंबर २०२१ रोजी फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून बाप लोक फोर्डचं नाव काढलं की हात झटकतात. पोरांच्या ते पथ्यावर पडलं, कारण त्याच ताकदीची दुसरी गाडी त्या भावात मिळत नाही. फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच या रोजच्या वस्तू मिळतात. बंपर, हेडलॅम्प, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल यांना वाट बघावी लागते. जवळ फोर्ड जाणणारा मेस्त्री असेल तरच घ्या.

पोलोवर कोल्हापूरचा जीव आहे. चाकणला बनलेली, २०१० ते २०२२ पर्यंत विकली गेलेली, दरवाजा लावल्यावर ‘धप्’ असा आवाज करणारी. पण नुसत्या पोलोच्या नावाला भुलू नये. १.२ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन असलेली पोलो दिसते पैलवान आणि चढाला लागली की दम टाकते. जिच्याबद्दल सगळे बोलतात ती २०१३ नंतरची जीटी टीएसआय. तिच्यात सात गिअरचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. तो बिघडला तर दुरुस्तीच्या बिलात एक चांगली वापरलेली बाईक येते. जमलं तर २०२० नंतरची १.० टीएसआय, हाताच्या गिअरची, ११० पीएस. ती चार लाखांत बसत नाही, पैसे साठवत राहावं लागेल.

फियाट हा प्रेमाचा विषय आहे. कुर्ल्याच्या जुन्या कारखान्यातून निघालेली पालियो १.६, सचिन तेंडुलकरच्या नावाने काढलेली तिची खास आवृत्ती, नंतर रांजणगावात बनलेली पुंटो, आणि २०१५ ची १४५ हॉर्सपॉवरची अबार्थ पुंटो. हायड्रॉलिक स्टिअरिंगचा तो जिवंतपणा आता नव्या गाड्यांत सापडत नाही. पण फियाटने इथलं दुकान गुंडाळलं. पुंटोचं डिझेल इंजिन मारुती, टाटा सगळ्यांनी वापरलं असल्यामुळे ते सांभाळता येतं. गाडीची बाकीची अंगं मात्र भंगारात शोधावी लागतात. पहिली गाडी म्हणून फियाट घेऊ नये. दुसरी म्हणून जरूर घ्यावी.

टाटांची टियागो या यादीत थोडी शांत वाटेल. पण जानेवारी २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपकडून चार स्टार मिळवलेली ही छोटी गाडी या बजेटमध्ये येते आणि आईबापांना रात्री झोप लागते. तिची जेटीपी ही ११४ पीएसची आवृत्ती २०१८ मध्ये आली आणि फार थोडी विकली गेली. सापडली तर लगेच मेस्त्रीला फोन करावा.

एक गोष्ट मात्र कोल्हापूर-सांगलीत गाडी घेणाऱ्याने पुण्या-मुंबईवाल्यापेक्षा जास्त कडकपणे तपासली पाहिजे. पूर. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, दुधाळी या भागांत गाड्या टपापर्यंत बुडाल्या. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. पाणी उतरल्यावर त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा विमा कंपन्यांनी ‘टोटल लॉस’ केला, त्या भंगारभावात विकल्या गेल्या, धुतल्या गेल्या, आणि मग कुठे गेल्या? काही सुट्या भागांत विकल्या गेल्या. काही पॉलिश होऊन, नवं सीट कव्हर घालून, दुसऱ्या जिल्ह्यात फिरून परत आल्या.

पुरातली गाडी ओळखायची रीत अशी. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटचा हात-दीड हात भाग बघा. गाडी धुणारा तिथपर्यंत पोचत नाही, गाळाची पिवळट रेघ तिथे राहते. पुढची सीट मागे सरकवून रुळांचे बोल्ट बघा, तिथला गंज पावसाच्या गंजापेक्षा वेगळा, खोल असतो. डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खोलगट भागात बोट फिरवा. मॅटच्या खालचा जाड नमदा दाबा. हेडलॅम्पच्या आत वाफ आहे का, फ्यूज बॉक्सच्या स्क्रूवर हिरवट थर आहे का, ते पाहा. आणि गाडीत अत्तराचा किंवा फ्रेशनरचा भपका असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा. वास लपवता येतो, पण फार वेळ नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी कुणी घाईने स्टार्टर मारून चालू करायचा प्रयत्न केला असेल तर आत शिरलेल्या पाण्याने कनेक्टिंग रॉड वाकलेला असतो. अशी गाडी सुरू होते, चालते, आणि काही महिन्यांनी भर रस्त्यात ब्लॉकला भोक पाडते.

मेस्त्रीकडे परत येऊ. चांगला मेस्त्री बॉनेट उघडण्याआधी त्यावर हात ठेवतो. गरम असेल तर विचारतो, “आधीच का चालू केलीसा?” थंड इंजिन सुरू करतानाच ते आपलं दुखणं सांगतं, एजंटने आधी तापवून ठेवलेल्या गाडीला बोलायला काही उरत नाही. मग तो ऑइलचं झाकण काढून आतल्या बाजूला पाहतो. तिथे दह्यासारखा पांढरट थर असेल तर ऑइलमध्ये कूलंट मिसळतंय, हेड गॅस्केट गेलेलं. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे गाडी ऑइल खाते, गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे पाणी जळतंय. पुढच्या मडगार्डचे बोल्ट तो बारकाईने पाहतो: कारखान्यातला रंग बोल्टच्या डोक्यावर अखंड असेल तर ते कधी उघडले नाहीत, कडा सोललेल्या असतील तर तिथे पान्हा फिरलाय आणि गाडी ठोकलेली आहे. सगळ्या काचांच्या कोपऱ्यातलं वर्ष जुळवतो. पत्र्यावर बोटाने टकटक करत जातो, लांबी भरलेल्या जागी आवाज बसका येतो.

मीटरवर त्याचा विश्वास नसतो. तो ब्रेकच्या पेडलचं रबर, गिअरचं नॉब आणि ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बघतो. चाळीस हजार किलोमीटरची गाडी आणि पेडल गुळगुळीत, असं होत नाही. मग हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडतो; इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच प्लेट शाबूत, घरघरत चालू राहिलं तर घासलेली. शेवटी मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल चक्कर मारतो. ‘टक-टक-टक’ आलं की एक्सल. या सगळ्याला अर्धा-पाऊण तास लागतो आणि तो पाचशे-हजार रुपये घेतो. ते द्यावेत. मित्राच्या लाथेवर विसंबू नये.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र कोल्हापुरी मोकळेपणा नडतो. “टीटी फॉर्मवर सह्या करून दिल्यात, तुम्ही सावकाश नावावर करा,” असं म्हणून किल्ली हातात देतात. हा ‘सावकाश’ कधी कधी चार-पाच वर्षांचा होतो. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो, आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट सांगितलं. म्हणून विकणाऱ्यानेही आणि घेणाऱ्यानेही हे टीटी फॉर्म, म्हणजे फॉर्म २९ आणि ३०, लगेच आरटीओत जातील याची खबरदारी घ्यावी. गाडीवर कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. विम्याचा थर्ड पार्टी भाग गाडीबरोबर आपोआप येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा १४ दिवसांत नावावर करून घ्यावा लागतो. विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर नाही. जुनी चलनं भरलीत का, ते ऑनलाइन दोन मिनिटांत दिसतं.

एमएच ०९ सोडून दुसरं पासिंग असेल तर हिशेब वेगळा. निपाणी आणि बेळगाव एवढे जवळ, की केए २३ आणि केए २२ च्या गाड्या इथल्या बाजारात रोज दिसतात. दिल्लीच्या गाड्याही येतात, कारण तिथे १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार आहे, त्यामुळे त्या स्वस्त मिळतात. पण त्यांना फॉर्म २८ ची एनओसी लागते, इथे पुन्हा नोंदणी आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो. मूळ राज्याकडून टॅक्सचा परतावा मागता येतो आणि तो मिळवणं हे स्वतंत्र पुण्यकर्म आहे. सगळं जोडल्यावर तीस हजारांनी स्वस्त वाटलेली गाडी तेवढ्याने महाग निघते. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवायची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, शिवाय पर्यावरण कर. त्यामुळे झेन आणि एस्टीमवर मी एवढं कौतुक उधळलं, तरी ती हौस म्हणून बाळगायची वाहनं झाली आहेत.

आणि त्यांच्यात एबीएस नाही, एअरबॅग नाही. हीच या विषयातली खरी अडचण आहे. सर्वांत जास्त मजा देणाऱ्या गाड्या हलक्या आणि जुन्या, आणि नवशिक्या ड्रायव्हरला ज्या दोन गोष्टींची सर्वांत जास्त गरज, त्या नेमक्या त्यांच्यात नाहीत. २०१४ च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेल्या भारतीय गाड्या आपटून पाहिल्या तेव्हा फिगो आणि पोलो दोघींना शून्य स्टार मिळाले. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला मात्र चार. त्यानंतर फोक्सवॅगनने सगळ्याच पोलोंना एअरबॅग दिल्या. देशात सर्व नव्या मोटारींना एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीची गाडी घ्यायची तर मॉडेल बघावं लागतं: एलएक्सआय आणि झेडएक्सआय यांच्यातला फरक म्युझिक सिस्टीमचा आहे असं समजणाऱ्यांची संख्या काळजी वाटावी एवढी आहे.

एअरबॅग फुटून गेलेली गाडीही बाजारात येते. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागले पाहिजेत आणि काही सेकंदांत विझले पाहिजेत. विझले नाहीत तर बिघाड आहे. लागलेच नाहीत तर कुणीतरी दिवाच काढून टाकला आहे, आणि ते जास्त वाईट.

एबीएस करतं एवढंच: जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ देत नाही, त्यामुळे ब्रेक लावतानाही गाडी वळवता येते. त्या बिनदिव्याच्या ट्रॉलीच्या मागे ती वळवता येणं हाच फरक असतो. पावसाळ्यात भुईबावडा किंवा करूळ घाट उतरताना, दाजीपूरकडून फोंड्याला जाताना, धुकं आणि शेवाळलेली कड यांच्यात सरळ उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवणारे मध्येच जळका वास आल्यावर थांबतात. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे एसटीचे जुने ड्रायव्हर नव्यांना पहिल्याच दिवशी सांगतात. हाताच्या गिअरची साधी, हलकी गाडी हे शिकवते. ऑटोमॅटिकमध्ये बसलेल्याला शिकायचं आहे हेच कळत नाही.

अठराच्या आतल्या मुलाला किल्ली देणाऱ्यांसाठी दोन ओळी. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १९९अ नुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी एक वर्ष रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांपर्यंत लायसन्स नाही. गल्लीत ‘फक्त वळवून लावतोय’ हे कारण कायद्यात नाही.

मॉडिफिकेशनचा विषय कोल्हापुरात हार्ड आहे. फॅन्सी नंबर, खाली बसवलेलं सस्पेन्शन, मोठे अलॉय, डिकीभर बास ट्यूब. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला कलम ५२ मध्ये परवानगी लागते, काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली. पण कायदा बाजूला ठेवला तरी मेस्त्रीचा हिशेब वेगळा असतो. स्प्रिंग कापून खाली बसवलेली स्विफ्ट रंकाळ्यावर भारी दिसते आणि गगनबावड्याच्या रस्त्याला लागली की प्रत्येक खड्ड्यात तळ आपटते. रुंद टायर घातले की स्टिअरिंग जड होतं, एव्हरेज पडतं, बेअरिंग लवकर जातं. कंपनीने जी गाडी वळणावर मजा द्यायला बनवली, तिची ती मजाच पोरं पैसे देऊन काढून टाकतात.

खरेदीची वेळ साधायची तर पितृपक्षात बघायला जावं. त्या पंधरा दिवसांत कुणी गाडी घरी नेत नाही, एजंट मोकळा असतो, घासाघीस करायला वेळ देतो. इसार देऊन भाव पक्का करावा आणि दसऱ्याला गाडी न्यावी. दसरा, पाडवा आणि उसाचं बिल जमा झालेला आठवडा या तीन वेळांना भाव विचारूही नये.

आणि बजेट चार लाखांचं असेल तर गाडी साडेतीन लाखांची बघावी. उरलेल्यात आधी सगळी ऑइलं, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक फ्लुइड बदलावं. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं आणि जुनं झालं की घाटात उकळतं, तेव्हा पेडल दाबलं की पाय खालपर्यंत जातो. टायमिंग बेल्ट असलेली गाडी असेल आणि बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल, तर तो बदलावाच. तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मग पुढचे ब्रेक पॅड, लागल्या तर डिस्क. मग टायर. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही शिल्लक दिसू दे, सहा-सात वर्षं झालेलं रबर दगडासारखं कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकडत नाही. चार टायरांचा खर्च ऐकून सगळ्यांचाच चेहरा पडतो. त्यातून काही शिल्लक राहिलं तर म्युझिक सिस्टीमचं बघू.